सत्तरीच्या चढावर अडकलेली पिकअप

प्रश्न:

भाऊ, नमस्कार. वाळपईपासून आत आमचं गाव. २०१९ सालची इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस मी सेकंडहँड घेतली आहे. नोकरी पणजीला, रोजची ये-जा हिच्यावरच, ऐंशी-नव्वद किलोमीटर सहज होतात. शनिवार-रविवारी बागायत. डोंगरावर काजू आणि खाली व्हाळापलीकडे (ओढ्यापलीकडे) नारळ-सुपारीचं कुळागर. हंगामात बोंडू, म्हणजे काजूची फळं, दारूच्या भट्टीवर पोचवायचे, नारळ-सुपारी बाजारात न्यायची, खताच्या गोण्या आणायच्या. गेल्या जूनमध्ये काजूतून वर येताना लाल चढावर मागची चाकं फिरत राहिली, शेवटी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरने ओढून काढली. माल भरला की गाडी मागून बसते आणि रिकामी असली की मागची बाजू उड्या मारते. एका दुकानदाराने चार इंचांचा लिफ्ट किट आणि ३३ इंची मड टायर सुचवलेत, सव्वादोन लाख सांगतो. माझी तयारी दीड लाखाची आहे. मित्र म्हणतात, कर्ज काढ पण कर. बाबा म्हणतात, गाडी आहे तशी बरी, त्या पैशांत कुळागराला नवा पंप घे. काय करू?

– एक वाचक, सत्तरी

उत्तर:

तुमच्या पत्रात तीन निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि दुकानदाराने तिन्हींवर एकच औषध लिहून दिलंय, तेही दुकानातलं सगळ्यात महाग. चढावर चाकं फिरली, हा टायरचा आणि फोर-बाय-फोरचा प्रश्न. माल भरल्यावर गाडी मागून बसते, हा पाट्यांचा, म्हणजे मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, किंवा मुळात मालाच्या वजनाचा. रिकामी असताना मागची बाजू उडते, हा थोडा शॉकअपचा आणि बराचसा पिकअप या जातीचाच. गाडी चार इंच उचलून यातली एकही तक्रार जायची नाही. दोन-तीन नव्या मात्र येतील.

पण टायर आणि शॉकअपवर येण्याआधी तुमच्या एका वाक्यावर मी अडलो. ‘मागची चाकं फिरत राहिली’ असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या चाकांचं काय? व्ही-क्रॉसला फोर-बाय-फोर आहे, पण ती कायम लागलेली नसते. ती लावायचा नॉब फिरवल्याशिवाय पुढच्या चाकांकडे इंजिनाची ताकद जातच नाही. फोर-बाय-फोर लागलेली गाडी चढावर हरते तेव्हा पुढचंही निदान एक चाक माती उडवत असतं. फक्त मागचीच फिरत होती, तर मग एक तर नॉब टू-एचवरच (फक्त मागची चाकं) होता, नाहीतर तो फोर-एचवर (चारही चाकं) होता पण पुढचा एक्सल जोडलाच गेला नाही. सेकंडहँड गाडीत हे दुसरं पुष्कळदा होतं. आधीच्या मालकाने गाडी नुसती शहरात फिरवली असेल तर तो नॉब वर्षानुवर्षं कुणी हलवलेला नसतो आणि पुढचा एक्सल जोडणारी यंत्रणा न वापरल्यामुळे अडकून बसते.

हे तपासायला पैसा लागत नाही. गाडी मोकळ्या मातीच्या जागेत घ्या, फोर-एच लावा, डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला का ते पाहा. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरा. फोर-बाय-फोर खरोखर लागली असेल तर गाडी वळायला कुरकुरते, पुढची चाकं माती खरवडत जातात, स्टिअरिंग हाताला ताठ लागतं. टू-एचला परत आलात की तीच गाडी सुळकन फिरते. दोन्हींत काहीच फरक जाणवला नाही, तर टायरवाल्याकडे नंतर जा, आधी मेकॅनिक गाठा. ही तपासणी डांबरावर मात्र करू नका. या प्रकारच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या वेगातला फरक सामावून घेणारं काही नसतं. मातीत चाक जरासं घसरून तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण गिअरच्या दात्यांवर आणि शाफ्टवर येतो.

आणखी एक. तो चढ समोर आला की तळाशीच थांबून, न्यूट्रलला घेऊन फोर-एल, म्हणजे चारही चाकांना हळू पण जास्त जोर देणारा गिअर, लावायचा. अर्ध्यावर चाकं फिरायला लागल्यावर ते जमत नाही, कारण फोर-एलसाठी गाडी थांबवावी लागते आणि लाल चिखलाच्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणं हीच तर खरी अडचण आहे.

एवढं करूनही गाडी अडकते असं दिसलं, तर पुढचं वाचा. नाहीतर बाबांना पंप घेऊन द्या.

आता उंचीचं बोलू. गाडीखाली वाकून मागे पाहा. दोन्ही चाकांना जोडणारा एक्सल आणि त्यात फुगलेला डिफरन्शियलचा गोळा दिसेल. वाटेवरच्या दगडाला पहिल्यांदा लागतो तो हा गोळा. लिफ्ट किट उचलतो ते पाट्यांच्या वरचं सगळं, म्हणजे चेसिस, केबिन आणि हौदा. एक्सल चाकांच्या मध्यालाच राहतो. चार इंच उचललेल्या गाडीचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर असतो. तो वर न्यायचा तर मोठा टायर एवढाच मार्ग, आणि त्यातही टायरचा व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. लिफ्टचा खरा उपयोग पोट खडकावर टेकत असेल तर, किंवा बंपर व्हाळाच्या काठाला लागत असेल तर. तुमचं काहीच टेकलेलं नाही, चाकं नुसती फिरत होती.

चार इंचांची किंमत फक्त पैशांत मोजायची नसते. व्ही-क्रॉसला पुढे डबल विशबोन, म्हणजे चाक धरणारे वर-खाली दोन आर्म, आणि कॉइल स्प्रिंग आहे. गाडी वर उचलली की पुढच्या चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात, त्यांच्या सांध्यांवरचे रबरी बूट कायम ताणलेले राहतात आणि फाटले की आपली लाल माती थेट सांध्यात. दीड ते दोन इंचांपर्यंत हे निभावतं. त्यावर गेलात की वरचे आर्म बदलल्याशिवाय अलाइनमेंट बसत नाही, टायर एका कडेने झिजतात, आणि दुकानदाराने सांगितलेल्या आकड्यात ते आर्म असतीलच असं नाही. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेला की चोर्ला घाटाच्या वळणांवर, धुक्यात, ओल्या रस्त्यावर ती पूर्वीसारखी वागत नाही. हेडलाइटही वर जातात आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतात.

कायद्याचंही पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि कलम १८२अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ‘कोण पकडतो’ असं मित्र म्हणतील. रस्त्यावर नाही पकडणार कदाचित. पण अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो, आणि न कळवलेला चार इंचांचा लिफ्ट त्याला काही लपून राहत नाही.

३३ इंची टायरचा हिशोब तर तुम्ही स्वतःच करून बघा. तुमचा मूळ टायर २५५/६० आर १८. यातला २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या साठ टक्के उंचीची बाजूची भिंत, १८ म्हणजे इंचांत रिम. गणित केलंत की व्यास ७६३ मिलिमीटर येतो, सुमारे ३० इंच. ३३ इंची टायर त्याहून नऊ-दहा टक्के मोठा. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६५-६६ ने जात असेल. प्रत्येक गिअर तेवढाच जड होईल, म्हणजे ज्या चढावर गाडी अडकली तिथेच इंजिन आधी दमेल. ब्रेकला जास्त वजनाचं चाक थांबवावं लागेल. आणि टायर मडगार्डच्या आत घासू नये म्हणून लिफ्ट, असं हे एकातून एक निघत जातं.

टायर मात्र बदला. सगळ्यात जास्त फरक तिथेच पडणार आहे.

दुकानदाराने मड टायर सांगितले कारण ‘चिखल’ हा शब्द ऐकला. पण चिखल एका जातीचा नसतो. मड टायरचे ठोकळे मोठे, मधली फट रुंद. खोल, मऊ चिखलात ते आत रुततात, खालची घट्ट जमीन शोधतात आणि फिरता फिरता फटीतला चिखल बाहेर फेकतात. भाताच्या मळ्यात, कुळागराच्या काळ्या मातीत त्यांना तोड नाही. तुमचा काजूचा चढ तसा नाही. आपल्याकडे सड्यावर आणि डोंगरउतारावर खाली जांभा दगड असतो, टणक, आणि वर बोटभर लाल माती. मिरगाचा पहिला पाऊस पडला की त्या मातीचा निसरडा थर होतो. खोदून खाली जायला तिथे काही नसतंच, घट्ट जमीन बोटभर खालीच असते. अशा ठिकाणी लागतात त्या रबराच्या कडा, पुष्कळ कडा, ज्या तो थर कापून जांभ्याला धरतील. मड टायरच्या मोठ्या ठोकळ्याला कडा थोड्या. ऑल-टेरेन टायरचे ठोकळे लहान, त्यांत बारीक चिरा, त्यामुळे धरणाऱ्या कडा कितीतरी जास्त.

दुसरी गोष्ट पणजीच्या रस्त्याची. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून अधिक, आणि तो बहुतेक चार महिन्यांत. डिचोलीवरून जा की फोंड्यावरून, जून ते सप्टेंबर तुमचा टायर ओल्या डांबरावरच असणार. मड टायरचं रबर डांबराला कमी टेकतं, पावसात ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. चढ आठवड्यातून दोनदा आणि ओलं डांबर रोज, मग टायर कुणासाठी घ्यायचा? आवाजाचं तर बोलतच नाही. नवा असताना कुणी तक्रार करत नाही, वर्षभराने केबिनमध्ये फोनवर बोलता येत नाही.

म्हणून ऑल-टेरेन. बीएफगुडरिचचा केओ२, योकोहामाचा जिओलँडर ए/टी, मॅक्सिसचा ब्राव्हो, अपोलोचा ॲप्टेरा एटी२ ही नावं तुम्हाला दुकानात ऐकू येतील. नावावरून भांडण्यात अर्थ नाही. तुमच्या मापात, पुरेशा भारांकाचा आणि ताजा जो मिळेल तो घ्या. भारांक म्हणजे मापानंतरचा आकडा. ११२ असेल तर त्या एका टायरवर कमाल ११२० किलो चालतात. मूळ टायरवर जो आकडा आहे त्याच्या खाली कधीही उतरायचं नाही, दुकानदार कितीही म्हणाला ‘काय फरक पडतो’ तरी. टायर किती जुना हे बाजूच्या भिंतीवर चार आकड्यांत कोरलेलं असतं. २३२५ म्हणजे २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर सवलतीत देतात, तो नको.

आता माझी आवडती सूचना, जी दुकानदार सहसा देत नाही कारण तिच्यात दिसण्यासारखं काही नसतं. रिम लहान करा. आधीच्या काही व्ही-क्रॉसना १७ इंची रिम आणि २५५/६५ आर १७ टायर होते. त्याचा व्यास काढलात तर तोही ७६३ मिलिमीटरच येतो. म्हणजे स्पीडोमीटर तोच, गिअर तेच, मडगार्डशी घासणं नाही, पण टायरची भिंत १५३ मिलिमीटरऐवजी १६६ मिलिमीटर उंच. हे जास्तीचे तेरा मिलिमीटर जांभ्यावर कामाला येतात. फुटलेल्या जांभ्याची कड धारदार असते आणि टायर बहुतेक वेळा खालून नव्हे तर बाजूने फाटतो. उंच भिंतीचा टायर दगडावर दबतो आणि सुटतो, बुटक्या भिंतीचा टायर रिम आणि दगडाच्या मध्ये चिरडला जातो. गाड्या सजवणाऱ्यांनी काढून ठेवलेले मूळ १७ इंची अलॉय बऱ्यापैकी किमतीत मिळतात. घेताना रिम जमिनीवर लोळवून बघा, हेलकावते का, आणि आतल्या कडेला केसाएवढी चीर आहे का ते बोटाने चाचपा. वेल्डिंग केलेलं रिम फुकट मिळालं तरी घेऊ नका. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं ते माप, मूळचाच असू द्या. बाहेर काढलेली चाकं दिसतात छान, पण बेअरिंगवर जास्तीचा भार टाकतात आणि चिखल थेट दारांवर.

टायर नवे असोत की जुने, हवेचं विसरू नका. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे वेगवेगळे आकडे असतात. आपल्याकडे टायरवाला सगळ्यांना सारखीच हवा भरतो. चढाआधी हवा २२-२४ पीएसआयपर्यंत उतरवलीत तर टायर पसरतो आणि जमिनीला जास्त धरतो. त्याखाली जांभ्यावर जाऊ नका, भिंत फुगून बाहेर येते आणि तिथेच कापते. हवा कमी केली की वेगही कमी, आणि भरलेल्या गाडीची हवा अशी उतरवायची नाही. डांबरावर येताच परत भरायची, म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर गाडीतच असू द्या. लिफ्टच्या पैशांत असे कितीतरी कंप्रेसर येतील.

आणि पावसाळ्यात रिकामी गाडी घेऊन त्या चढावर जाऊच नका. हौद्यात मागच्या एक्सलच्या बरोबर वर शंभर-दीडशे किलो वाळूच्या गोण्या घट्ट बांधून ठेवा. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे, इंजिनावर असतं. मागची चाकं जमिनीवर नुसती ठेवल्यासारखी असतात, ती फिरणारच. याच गोण्यांनी तुमच्या उड्यांची तक्रारही अर्धी कमी होईल. रोज पणजीला जाताना काढून ठेवल्यात तरी चालेल, डिझेल वाचेल.

आता मागच्या पाट्यांकडे वळू. माल भरल्यावर गाडी बसते, पण किती बसते हे तुम्ही मोजलेलं नसणार. घरचा टेप घ्या. गाडी रिकामी असताना मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजा, दोन्ही बाजूंना. मग नेहमीचा माल भरून पुन्हा मोजा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच खाली असेल तर त्या बाजूचा एखादा पाटा तुटलाय किंवा बुश, म्हणजे पाट्याच्या सांध्यातलं रबर, गेलाय. दोन्ही बाजू बसून चेसिसखालचा रबरी स्टॉपर एक्सलला टेकायला आला असेल, तर गाडी वजनकाट्यावर न्या. खाणींच्या काळापासून आपल्या भागात काट्यांना तोटा नाही. काट्याची चिठ्ठी आणि आरसी बुकातलं कमाल वजन शेजारी ठेवून बघा. लोकांना अंदाज नसतो. पाचशे लिटरची पाण्याची टाकी म्हणजे पाचशे किलो. बागेच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, म्हणून जांभ्याचे पन्नास चिरे टाकले की दीड टन, कारण एक चिरा तिसेक किलोंचा. व्ही-क्रॉस ही माल वाहायला परवानगी असलेली टेंपो नव्हे. ती खाजगी गाडी आहे, तिची क्षमता बघता दोन फेऱ्या कराव्या लागतील तर दोन करा.

वजन मर्यादेत असूनही बसत असेल तर पाटे थकलेत. गावातला कारागीर पाटे ठोकून पुन्हा कमान आणून देतो, स्वस्तात. सहा-आठ महिने बरं वाटतं, मग परत तेच. जादाचा एक पाटा टाकणं हा दुसरा मार्ग, पण त्याने रिकामी गाडी आणखी उडेल, आणि वर्षातले बहुतेक दिवस तुमची गाडी रिकामीच असते. चांगल्या कंपन्यांचे पाटे वजनाच्या पायऱ्यांनुसार येतात: रिकामी, कायम दोन-तीनशे किलो, कायम त्याहून जास्त. दुकानदार ‘हेवी ड्युटी’ काढून देईल कारण ते नाव ऐकायला भारी वाटतं. तुम्ही सगळ्यात हलक्या पायरीचे मागा. हंगामातल्या त्या दोन-अडीच महिन्यांसाठी एक्सल आणि चेसिसच्या मध्ये बसणारे हवेचे फुगे मिळतात. माल असेल तेव्हा हवा भरायची, नसेल तेव्हा किमान ठेवायची. त्याने गाडी सरळ उभी राहते, पण वजन वाहायची तिची ताकद वाढत नाही, हे बाबांना आणि भट्टीवाल्यालाही सांगून ठेवा.

शॉकअप बहुधा बदलावे लागतील, गाडीचं वय बघता. मागच्या शॉकअपच्या खालच्या नळीवर हात फिरवा. नुसती धूळ असेल तर ठीक. लाल माती तेलात कालवल्यासारखी चिकट पुट्टी बोटाला लागली तर आतलं सील गेलंय. चारही बदलणं उत्तम, नाहीतर निदान मागची जोडी. एकच कधीही बदलू नका. गॅस भरलेले, जाड नळीचे, मूळ उंचीचे घ्या. बाहेर वेगळी टाकी लटकवलेले महाग शॉकअप तासन्‌तास खडबडीत वाटेवर वेगाने पळणाऱ्यांसाठी असतात, तेल तापू नये म्हणून. तुमची कच्ची वाट पाच-सहा किलोमीटरची, तेल तापायच्या आत तुम्ही घरी.

पाट्यांचं काम करून घेताना उभे राहून तीन गोष्टी बघा. पाटे एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवे हवेत, जुने ताणलेले असतात. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे, जॅकवर लटकलेली असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा आवळायला परत यायचं.

चौथी गोष्ट महत्त्वाची, कारण ती ब्रेकची आहे आणि बहुतेक गॅरेजं तिकडे बघत नाहीत. बऱ्याच पिकअपमध्ये चेसिसपासून मागच्या एक्सलपर्यंत एक बारीक दांडी किंवा स्प्रिंग गेलेली असते. हौदा किती खाली बसलाय यावरून ती माल किती आहे ते ओळखते आणि मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवते. हौदा वर म्हणजे गाडी रिकामी, म्हणून दाब कमी. तुम्ही जाड पाटे टाकून किंवा गाडी उचलून हौदा कायमचा वर नेलात, की माल भरलेला असूनही ती दांडी ‘रिकामी आहे’ असंच सांगत राहते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. घाटातून उतरताना हे कळायला नको. तुमच्या गाडीत अशी दांडी असेल तर काम झाल्यावर ती जुळवून घ्या, आणि मेकॅनिकला ती काय आहे हेच माहीत नसेल तर पाटे त्याच्याकडून बदलू नका.

व्हाळाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. डिफरन्शियलला वर एक छोटी श्वासनळी असते. लांबून तापून आलेली गाडी थंड पाण्यात शिरली की आतली हवा आक्रसते आणि नळी पाण्याखाली असेल तर पाणी आत ओढलं जातं. ती नळी रबरी पाइपाने वर, टेललाइटच्या उंचीपर्यंत नेऊन ठेवा. पावसाळा संपला की डिफरन्शियलचं तेल थोडं काढून बघा. दुधाळ दिसलं तर ताबडतोब बदला.

पुढच्या खेपेला ट्रॅक्टर बोलवावा लागलाच, तर दोर चेसिसच्या हुकाला लावायचा. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो, आणि ओढताना तमाशा बघायला उभी असलेली पोरं आधी लांब पाठवा.

पैशांचं असं. फोर-बाय-फोरची तपासणी आणि दुरुस्ती, मग १७ इंची रिम आणि चार ऑल-टेरेन टायर, यात तुमच्या दीड लाखातले निम्म्याहून जास्त जातील. नंतर शॉकअप आणि बुश. पाटे सगळ्यात शेवटी, तेही टेप आणि वजनकाटा ‘हो’ म्हणाले तरच. स्टेपनीसाठी वेगळा पाचवा टायर सध्या घेऊ नका. जुन्या १८ इंचींपैकी सर्वांत बरा असलेला ठेवून द्या, व्यास तोच असल्याने पंक्चरवाल्यापर्यंत चालेल. फक्त तो लावलेला असताना फोर-बाय-फोर लावू नका, कारण झिजलेल्या आणि नव्या टायरच्या व्यासात फरक असतोच. उरलेल्या पैशांत पंप येईल की नाही ते पंपाच्या हॉर्सपॉवरवर अवलंबून आहे, ते बाबांशी बोला.

आणि हे सगळं एप्रिलमध्येच उरकून घ्या. मेच्या शेवटी सगळ्या सत्तरीला एकदम टायर आठवतात, मग हवं ते माप नसतं आणि दुकानात जे पडलंय तेच तुमच्या गाडीला कसं योग्य आहे हे तुम्हाला पटवून देतात.